भातखाचरातला मासा आणि काचेची टाकी



या मालिकेत आपण आजवर लढायांबद्दल बोललो, किल्ल्यांबद्दल बोललो. आज विषय जरा वेगळा आहे. चित्रीकरण करताना माझ्या पाठीमागे काचेची एक टाकी दिसते. दोन फूट लांब, आत हिरवी झाडं आणि पट्ट्यापट्ट्यांचे बारीक मासे. भेटणारे लोक हमखास विचारतात, की कर्नलसाहेब, तुमचा आणि माशांचा काय संबंध? त्याचं उत्तर आज देतो. उत्तर थोडं लांब आहे, कारण ते दोनशे वर्षं मागे जातं.

सुरुवात माझ्यापासून करू. 1989 साली माझं पोस्टिंग उत्तर बंगालात होतं. मी तेव्हा कॅप्टन होतो. पावसाळा संपत आला होता, आणि आमच्या छावणीच्या कुंपणाबाहेर भातखाचरं पाण्याने भरलेली होती. एका संध्याकाळी गावातला एक पोरगा गमछाने पाटातलं पाणी गाळून बारीक मासे पकडत होता. त्याच्या डब्यात मी डोकावलो. बोटाच्या दोन पेरांएवढे मासे, अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत निळ्या आणि सोनेरी रेघा. नाव विचारलं तर म्हणाला, "छोटो माछ." बारका मासा. कालवणात मोठ्या माशांबरोबर टाकायचा. विषय तिथेच संपला.

पाच वर्षांनी दुसऱ्या एका छावणीत असताना माझ्या सात वर्षांच्या मुलीने फिश टँकचा हट्ट धरला. शहरातल्या दुकानात गेलो. दुकानदाराने प्लास्टिकच्या पिशवीत मासे दाखवले आणि ऐटीत सांगितलं, "साहेब, झेब्रा डॅनियो. फॉरेनचं नाव आहे." मी पिशवी उजेडात धरली. तोच पाट, तोच डबा, तोच छोटो माछ! आपल्याच शेतातला मासा इंग्रजी नाव घेऊन मला विकला जात होता. हा प्रवास कसा झाला, हे शोधायला मी त्या दिवशी लागलो.

आता दोनशे वर्षं मागे चला. फ्रान्सिस बुकॅनन नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. पुढे त्याने आईच्या घराण्याचं हॅमिल्टन हे आडनाव घेतलं, म्हणून पुस्तकांत तो दोन्ही नावांनी सापडतो. टिपूचा पाडाव झाल्यावर 1800 साली कंपनीने त्याला म्हैसूर, कॅनरा आणि मलबारची पाहणी करायला पाठवलं. त्यानंतर 1807 ते 1814 अशी सात वर्षं त्याने बंगाल आणि बिहारचे जिल्हे पायाखाली घातले. कंपनीला हवा होता महसुलाचा हिशोब: जमीन किती, पीक कोणतं, लोक काय खातात. पण हा माणूस नदीकाठी बसून कोळ्यांच्या टोपल्याही तपासायचा. भारतीय चित्रकारांकडून त्या माशांची चित्रं काढून घ्यायचा आणि कोळी त्या माशाला काय म्हणतात ते लिहून ठेवायचा.

1815 मध्ये तो मायदेशी निघाला, तेव्हा गव्हर्नर जनरलने ती चित्रं सरकारी मालमत्ता ठरवून कलकत्त्यात ठेवून घेतली. तरी माणूस हटला नाही. 1822 साली एडिंबरामध्ये गंगा आणि तिच्या उपनद्यांमधल्या माशांवरचा त्याचा ग्रंथ छापून आला. विज्ञानाला तोवर ठाऊक नसलेल्या शंभराहून अधिक जाती त्यात होत्या. त्यांतलाच एक मासा कोसी नदीतला. तोच आजचा डॅनियो रेरिओ, म्हणजे आपला झेब्रा डॅनियो.

गंमत पुढेच आहे. "फॉरेनचं नाव" म्हणून दुकानदाराने जे ऐकवलं, ते नाव मुळात आपलंच आहे. 'डॅनियो' हा शब्द बंगालीतल्या 'धानी'वरून आला असं मानतात. धानी म्हणजे भातशेतातला. आपण धान म्हणतो, तोच शब्द. 'पुंटियस' हे दुसऱ्या एका माशांच्या गटाचं लॅटिन नाव. ते आलं बंगाली 'पुंटी'वरून. बंगाल्याच्या घरी पुंटी माछ आजही शिजतो. 'रास्बोरा' हेही तिथल्याच बोलीतलं नाव. ज्या कोळ्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, त्यांचे शब्द आज टोकियोपासून न्यूयॉर्कपर्यंतच्या दुकानांत पाट्यांवर लिहिलेले असतात. हॅमिल्टनचं श्रेय त्याला द्यायचंच. पण त्याने ज्यांना विचारलं, त्यांचंही श्रेय आहे.

मासा पुस्तकात गेला. तो काचेत कसा आला? त्यासाठी लंडनला जायला हवं.

काचेच्या पेटीत पाण्यातले जीव पाळून त्यांचा अभ्यास करण्याचं काम 1832 मध्ये जान व्हिलप्रू-पॉवर या फ्रेंच बाईंनी सिसिली बेटावर सुरू केलं होतं. पण घरात ठेवता येईल अशा गोड्या पाण्याच्या टाकीचा पाया घातला रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने. 1849 साली त्याने एका भांड्यात दोन लहान गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली. बारावीच्या जीवशास्त्रात पाण्यातून होणारं परागीभवन शिकला असाल, तर हे नाव आठवेल. आपल्याकडच्या तळ्यांतही ती उगवते. झाडं प्राणवायू देतील, मासे जगतील, असा त्याचा हिशोब होता. काही दिवसांनी पानं कुजू लागली आणि पाणी गढूळ झालं. मग त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजका पाला खाल्ला आणि पाणी पुन्हा नितळ झालं. 1850 मध्ये त्याने हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर 1845 सालीच उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं आणि बघता बघता दिवाणखान्यात टाकी ठेवायची फॅशन आली.

आता माझी फजिती सांगतो, कारण तिचा या इतिहासाशी थेट संबंध आहे.

मुलीसाठी मी ती टाकी घेतली. दुकानदाराच्या सल्ल्याने दोन झेब्रा, दोन निऑन टेट्रा, दोन गप्पी, दोन एंजल असे मासे घेतले आणि शोभेला प्लास्टिकची झाडं. नळाचं पाणी भरलं आणि त्याच संध्याकाळी मासे सोडले. तिसऱ्या दिवशी पहिला मासा गेला. दुकानदार म्हणाला, "रोज सगळं पाणी बदला, टाकी घासून काढा." फौजी शिस्तीत रोज घासली. दहाव्या दिवशी टाकी रिकामी होती. मुलगी रडली नाही. तिने फक्त विचारलं, "बाबा, आपण पाणी तर स्वच्छ ठेवलं होतं ना?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

ते उत्तर वॉरिंग्टनच्या घरातच होतं. त्याच्या मुलाचं नावही रॉबर्ट वॉरिंग्टन. तोही रसायनशास्त्रज्ञ झाला आणि रॉथमस्टेडच्या प्रसिद्ध शेती प्रयोगकेंद्रात मातीवर काम करू लागला. अमोनियाचं नायट्रेट कसं होतं, हा त्याचा प्रश्न. त्याने दाखवून दिलं, की हे काम सूक्ष्म जिवाणू करतात आणि तेही दोन टप्प्यांत: एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. ते जिवाणू वेगळे काढणं मात्र त्याला जमलं नाही. ते 1890 च्या सुमारास सेर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने केलं.

शेतात घडतं तेच टाकीत घडतं. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. तो माशाला विषासारखा. नायट्राइटही विषारीच. नायट्रेट त्या मानाने सौम्य, आणि झाडांना ते खत म्हणून चालतं. हे दोन्ही प्रकारचे जिवाणू फिल्टरमध्ये, वाळूवर, पानांवर वस्ती करतात. ती वस्ती बसायला चार-सहा आठवडे लागतात. मी काय केलं होतं? जिवाणू नसलेल्या कोऱ्या टाकीत पहिल्याच दिवशी आठ मासे सोडले आणि जी थोडी वस्ती बसू पाहत होती, ती रोज घासून टाकली. वर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन होतंच. बापाने टाकी बनवली, झाडं आणि गोगलगायींचा तोल मांडला. त्या तोलामागचे न दिसणारे कामगार मुलाने शोधले. मला दोघेही ठाऊक नव्हते, आणि त्याची किंमत आठ माशांनी मोजली.

दुसरी चूक संख्येची. तीसुद्धा इतिहासातूनच समजली.

निऑन टेट्रा हा मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा. ओग्युस्त राबो नावाच्या एका फ्रेंच माणसाला 1930 च्या दशकात तो तिथे सापडला आणि युरोपात पोहोचला. जॉर्ज मायर्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1936 मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं, ते विल्यम इनेस या फिलाडेल्फियाच्या संपादकाच्या सन्मानार्थ. निळ्या दिव्यासारखी ती रेघ पाहून लोक वेडे झाले. त्याच वर्षी 'हिंडेनबर्ग' या जर्मन हवाई जहाजातून काही निऑन अमेरिकेत आणून शिकागोच्या शेड मत्स्यालयात पोहोचवले गेले. त्यांतला एकच जगला. अटलांटिक एकट्याने ओलांडणाऱ्या लिंडबर्गवरून लोकांनी त्याला 'लोनली लिंडी', म्हणजे एकटा लिंडी, म्हणायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी ते हवाई जहाज जळून खाक झालं, ती कथा तुम्हाला माहीत असेल.

त्या काळी हे नाव कौतुकाने ठेवलं गेलं. मला मात्र ते वाचताना वाईट वाटतं. कारण हा मासा एकटा राहायला बनलेलाच नाही.

थव्याने राहणारा मासा थवा का करतो? 1971 मध्ये डब्ल्यू. डी. हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाने, म्हणजे आपल्या बंगालच्या हॅमिल्टनहून वेगळ्या, गणित मांडून दाखवलं, की शिकारी समोर असताना प्रत्येक प्राणी दुसऱ्याच्या आडोशाला सरकतो आणि त्यातूनच कळप तयार होतो. शिवाय शंभर सारखे मासे एकदम वळले, की शिकाऱ्याची नजर एकावर ठरत नाही. 1976 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी माशांच्या डोळ्यांवर तात्पुरती अपारदर्शक झाकणं बसवून पाहिलं. तरीही ते मासे थव्यात पोहत राहिले! माशाच्या दोन्ही कुशींवर एक संवेदनशील रेघ असते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. शेजाऱ्याच्या हालचालीने पाण्यात उठलेला दाब तिला जाणवतो. डोळे आणि ही रेघ, या दोन्हींवर थवा चालतो.

मी आयुष्यभर परेड पाहिली, घेतली. तिथे हुकूम देणारा एक असतो. माशांच्या थव्यात कुणी कमांडर नसतो. प्रत्येक जण फक्त शेजाऱ्याकडे लक्ष देतो आणि सगळी तुकडी एकदम वळते. शेजारीच काढून घेतला, तर त्या माशाला करायला काही उरत नाही. तो कोपऱ्यात दबतो, रंग फिका पडतो, खाणं सोडतो किंवा दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतो. आपण म्हणतो, "मासा भांडखोर निघाला." भांडखोर नसतो तो. एकटा पडलेला असतो.

म्हणून मी नव्याने टाकी लावणाऱ्यांना सांगतो, की प्रत्येकी दोन-दोन मासे घेऊ नका. पायदळात दहा जवानांचा एक सेक्शन असतो. माशांचाही एक सेक्शन घ्या. एकाच जातीचे आठ-दहा. साठ सेंटीमीटरच्या टाकीला तेवढे पुरतात. झाडं खरी लावा, कारण आडोसा असला, की बुजरा मासा उलट जास्त बाहेर येतो. आणि आपल्या गावचं पाणी बघा. इथे सिकंदराबादला बोअरचं पाणी जड आहे. ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातल्या निऑनला ते मानवत नाही, पण झेब्रा डॅनियो मजेत राहतो.

आता या गोष्टीची दुसरी बाजू.

केरळमध्ये सह्याद्रीतून उतरणाऱ्या वेगवान नद्यांत एक देखणा मासा असतो. चंदेरी अंग, काळा पट्टा आणि डोळ्यापासून निघालेली लाल रेघ. मल्याळी लोक त्याला 'चोरक्कण्णी' म्हणतात, म्हणजे रक्ताळलेल्या डोळ्याचा. मद्रास इलाख्यात नोकरी करणाऱ्या फ्रान्सिस डे या लष्करी डॉक्टरने 1865 मध्ये त्याची नोंद केली आणि मद्रासचे गव्हर्नर सर विल्यम डेनिसन यांचं नाव त्याला दिलं. पुढची सव्वाशे वर्षं बाहेर कुणी त्याची फारशी दखल घेतली नाही. मग 1990 च्या दशकात सिंगापूरच्या प्रदर्शनात तो गाजला आणि 'मिस केरला' या नावाने जगभर विकला जाऊ लागला. तो टाकीत सहज वाढवता येत नव्हता, म्हणून नद्यांतूनच उपसला गेला. 2008 मध्ये केरळ सरकारला पकडण्यावर निर्बंध घालावे लागले. आज आंतरराष्ट्रीय यादीत त्याची नोंद 'संकटग्रस्त' अशी आहे. 2013 मध्ये संशोधकांनी त्याच्यासाठी नवी प्रजाती मांडली आणि तिला नाव दिलं 'सह्याद्रिया'. त्या संशोधकांमध्ये पुण्याचे नीलेश डहाणूकरही होते. गव्हर्नरचं नाव अजून शेपटाला आहे, पण पुढे आता आपला डोंगर आहे. मला त्याचा अभिमान वाटतो. पण नाव परत मिळालं म्हणून नदीत मासा परत येत नाही.

यावर कुणी म्हणेल, की मग रानातले मासे पकडणं सरसकट बंद करा. एवढं सोपं नाही ते. ब्राझीलमध्ये रिओ नेग्रो नदीकाठी बार्सेलोस नावाचं गाव आहे. तिथली कितीतरी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या कार्डिनल टेट्रा पकडून पोट भरतात. पुराच्या पाण्यात हे मासे जंगलात पसरतात, म्हणून जंगल राखणं ही त्या लोकांची गरज आहे. तिथल्या 'प्रोजेक्ट पियाबा'ने हाच मुद्दा धरला: मासा विकत घ्या, झाड वाचवा. तिकडे कार्डिनल अल्पायुषी, पण भरपूर पैदास होणारा. इकडे मिस केरला ठरावीक नद्यांपुरताच, त्यातून त्या नद्यांवर धरणं आणि प्रदूषणाचा भार. दोघांना एकच नियम लावून चालत नाही. म्हणून मासा घेताना एक प्रश्न विचारा: हा कुठून आला? चेन्नईच्या कोळत्तूरसारख्या ठिकाणी शेकडो लोक मासे पैदा करून जगतात. झेब्रा, गप्पी, टेट्रा असे पैदा केलेले मासे सहज मिळतात. त्यांनी टाकी छान सजते.

आणि नको झालेले मासे नदीत, तळ्यात सोडू नका. "सोडलं, पुण्य लागलं" असं वाटतं, पण तसं नाही. टाकी साफ करायला म्हणून आणलेला दक्षिण अमेरिकेचा सकर मासा लोकांनी असाच सोडला. आज तो कोलकात्याच्या पाणथळीत आणि कृष्णेत कोळ्यांची जाळी फाडतोय. नको असलेला मासा दुकानात परत द्या, शेजाऱ्याला द्या.

शेवटी परत झेब्राकडे. जॉर्ज स्ट्रायसिंगर या अमेरिकन शास्त्रज्ञाने ओरेगॉनमध्ये या माशावर आनुवंशिकीचे प्रयोग सुरू केले आणि 1981 साली 'नेचर'मध्ये त्याचे क्लोन केल्याचं जाहीर केलं. त्याची अंडी पारदर्शक असतात, आतला जीव घडताना दिसतो. आज जगभरच्या प्रयोगशाळांत हा मासा आहे. इथे हैदराबादच्या सीसीएमबीतही आहे. एप्रिल 2024 मध्ये चीनने अवकाश स्थानकात चार झेब्राफिश नेले, एका पाणवनस्पतीबरोबर बंद पेटीत. मासे आणि हिरवं झाड, वॉरिंग्टनचा तोच प्रयोग, पृथ्वीपासून चारशे किलोमीटर वर. कोसीच्या पाण्यातला मासा कुठवर गेला बघा.

काही वर्षांपूर्वी मी उत्तर बंगालात गेलो होतो. छावणीच्या कुंपणाबाहेरचा तो पाट राहिलेला नाही. वर काँक्रीट पडलं आहे, दुकानांची रांग आहे. झेब्रा डॅनियो ही जात काही धोक्यात नाही, हेही सांगतो. एका पाटावरून निष्कर्ष काढणं बरोबर नाही. दोन किलोमीटर चालत गेलो, तर एका खाचरात बांधाच्या कडेला तो थवा दिसला. निळ्या-सोनेरी रेघा, एकदम वळणाऱ्या. बराच वेळ बघत बसलो.

माझी मुलगी आता बंगळुरूला असते. तिच्या मुलाने मागच्या दिवाळीत टाकी मागितली. मी म्हटलं, देतो, पण सहा आठवडे नुसती झाडं आणि पाणी. मासे नंतर. तो दररोज फोन करून विचारायचा, "आजोबा, जिवाणू आले का?" सहा आठवड्यांनी आम्ही दहा झेब्रा सोडले. दहाच्या दहा आहेत अजून. "आपण पाणी तर स्वच्छ ठेवलं होतं ना?" या प्रश्नाचं उत्तर तिला द्यायला मला जवळजवळ तीस वर्षं लागली. टाकीपुढे उभी राहून ती एवढंच म्हणाली, "बाबा, या वेळी जमलं."

आज इतकंच. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.